विश्लेषण : एक इंची पट्ट्यावर दोन जीव, दरीतल्या बचावकार्यात अँकरची ताकद नेमकी कशी मोजतात?

पावसाळ्यात मोबाइलवर हमखास फिरणारा एक व्हिडिओ असतो. दरीच्या काठावर दहा-बारा माणसं दोर ओढत असतात, खालून स्ट्रेचर वर येतं आणि काठावर येताच टाळ्या वाजतात. जुलै २०२४ मध्ये रायगडमधल्या माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत कोसळली, तेव्हा हेच दिसलं. पुढच्याच महिन्यात साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात सेल्फी घेताना पडलेल्या तरुणीला दोराने वर काढलं, तेव्हाही दिसलं. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एक जण वगळता सगळे दगावले. त्या खोल दरीतून मृतदेह वर आणण्याचं कामही गिर्यारोहकांच्या दोरांनीच झालं.

या व्हिडिओंत कॅमेरा दोराकडे असतो. दोर जिथे बांधलेला असतो, ती जागा बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहते. झाडाला किंवा खडकाला गुंडाळलेला, जेमतेम एक इंच रुंदीचा नायलॉनचा पट्टा, त्यात अडकवलेलं कॅराबिनर, आणि त्यावर खालचे दोन जीव. हा पट्टा किती वजन पेलतो? हे कोण ठरवतं आणि कसं तपासतं? आणि या प्रश्नाचा मुंबईतल्या रे रोडशी काय संबंध?

अँकर म्हणजे काय?

दोर ज्या पक्क्या आधाराला जोडतात तो सगळा जोड म्हणजे अँकर. त्यात झाड किंवा खडक येतो, त्याभोवतीचा पट्टा येतो, पट्ट्याची गाठ येते आणि कॅराबिनरही येतं. यातला जो भाग सर्वांत कमकुवत, तेवढीच अख्ख्या अँकरची ताकद. झाड कितीही जाड असलं तरी गाठ कच्ची असेल तर अँकर कच्चाच.

झाडाला थेट दोर न बांधता पट्टा का वापरतात? पट्टा सपाट असल्याने सालीवर किंवा दगडावर पसरून बसतो, घसरत नाही, हलका असतो आणि मुख्य दोराची लांबी वाया जात नाही. गिर्यारोहक त्याला टेप किंवा स्लिंग म्हणतात. बचावकार्यात सर्रास वापरला जातो तो एक इंची ट्यूब्युलर नायलॉनचा, म्हणजे आतून पोकळ विणलेला पट्टा. मूळ अमेरिकी लष्करी प्रमाणानुसार त्याची एकेरी ताकद ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १७.८ किलोन्यूटन.

किलोन्यूटन म्हणजे किती किलो?

एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजनाने पडणारा ताण. एक धडधाकट माणूस साहित्यासह शांतपणे लटकला, तर अँकरवर जवळपास एक किलोन्यूटन भार येतो. जखमी माणूस, त्याच्यासोबतचा बचावकर्ता आणि स्ट्रेचर मिळून अनेक ठिकाणी २०० किलो धरतात. म्हणजे दोन किलोन्यूटन.

मग १७.८ किलोन्यूटनचा पट्टा नऊपट झाला, काळजी कसली? काळजी अशी की २०० किलो हा शांत लटकलेला भार आहे. प्रत्यक्षात काय काय होतं, ते पाहा.

- कप्पी लावून दोराची दिशा उलट फिरवली, तर त्या कप्पीच्या अँकरवर जवळपास दुप्पट भार येतो. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला ते तोलणारा ताण, दोन्ही त्याच बिंदूवर.
- स्ट्रेचर कड्याच्या ओठाखाली अडकलं आणि वरच्यांना ते कळलंच नाही, तर कप्प्यांच्या साहाय्याने ओढणारी पाच-सहा माणसं वजनाच्या कितीतरी पट ताण निर्माण करू शकतात.
- मुख्य दोर सुटला आणि भार धक्क्यासह दुसऱ्या दोरावर आला, तर क्षणभर हा आकडा खूप वर जातो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बचावकर्त्यांनी यासाठी एक कठोर चाचणी बसवली. तीन मीटर दोरावर २०० किलोचं वजन एक मीटर खाली सोडायचं. ते पुढच्या एक मीटरच्या आत थांबलं पाहिजे आणि धक्का १५ किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे.

म्हणूनच अनेक पथकं अपेक्षित भाराच्या दहापट ताकद धरून चालतात. दोन किलोन्यूटनच्या भाराला वीस किलोन्यूटनचा अँकर. आता १७.८चा एकेरी पट्टा अपुरा ठरतो आणि पट्टा कसा बांधला, हा खरा प्रश्न होतो.

बांधणी बदलली की ताकद का बदलते?

पट्ट्याला गाठ मारून वेढा केला की भार दोन पदरांत वाटला जातो. कागदावर ताकद दुप्पट, म्हणजे ३५ किलोन्यूटन. पण गाठ पट्ट्याला कमजोर करते. पट्टे जोडायला वापरली जाणारी नेहमीची वॉटर नॉट पट्ट्याची साधारण ६० ते ७० टक्के ताकद शिल्लक ठेवते. त्यामुळे त्या वेढ्याचा खरा आकडा २१ ते २५ किलोन्यूटनच्या आसपास येतो.

तोच पट्टा झाडाभोवती तीनदा गुंडाळून, गाठ भाराच्या बाजूला ठेवून, बाकीचे दोन वेढे ओढून घेतले तर चित्र पालटतं. 'तीन वेढे, दोन ओढा' अशी ही पद्धत जगभरच्या बचाव पथकांत पहिल्या पाठांपैकी एक आहे. इथे भार चार पदरांत वाटला जातो आणि गाठीचा वेढा झाडाला घट्ट चिकटून राहतो. पट्टा आणि साल यांच्यातलं घर्षण बराचसा ताण वाटेतच खाऊन टाकतं, गाठीपर्यंत थोडाच पोहोचतो. सगळ्यांत कमकुवत जागा भारापासून दूर ठेवायची, एवढीच यातली युक्ती.

उलट, पट्टा स्वतःच्याच फासातून ओवून झाडाला आवळला, तर फासाच्या वळणापाशी तो स्वतःलाच कापू पाहतो आणि ताकद घटते.

तिसरा घटक कोनाचा. दोन झाडांना दोन पट्टे बांधून ते मध्ये एकत्र आणले, तर भार निम्मा निम्मा होईल असं वाटतं. दोन्ही पट्ट्यांतला कोन ६० अंश असेल, तर प्रत्येकावर निम्मा नव्हे, ५८ टक्के भार येतो. ९० अंशांना तो ७१ टक्के होतो. १२० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण १०० टक्के भार असतो, म्हणजे दुसरा अँकर लावून भार काहीच कमी झाला नाही. त्याही पुढे कोन रुंदावला, तर एका अँकरपेक्षा दोन अँकर वाईट. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताणून बांधाल तितका ओल्या चादरीने खिळा लवकर उपटतो, त्यामागे हेच गणित आहे.

ताकद मोजतात कशी?

मुख्य चाचणी आहे ती तुटेपर्यंत ओढण्याची. पट्ट्याचा वेढा दोन जाड पिनांमध्ये अडकवतात, यंत्र पिना हळूहळू एकमेकींपासून दूर नेतं आणि पट्टा ज्या ताणाला तुटतो तो आकडा नोंदवला जातो. यात पिनेची जाडीही महत्त्वाची. पातळ पिनेवर पट्टा तीव्र वळतो आणि लवकर तुटतो. म्हणूनच झाडाभोवतीचा आकडा आणि कॅराबिनरमधला आकडा सारखा नसतो.

पण एक पट्टा तुटला २४ किलोन्यूटनला, म्हणून त्या जातीचे सगळे पट्टे २४चे, असं म्हणता येत नाही. इथे संख्याशास्त्र कामाला येतं.

समजा, एका बनावटीचे पाच वेढे तोडले आणि आकडे आले २२, २३, २४, २५, २६. सरासरी २४. दुसऱ्या बनावटीचे पाच तोडले, आकडे आले २१.५, २२, २२, २२, २२.५. सरासरी २२. कोणता पट्टा चांगला? सरासरीवर गेलात तर पहिला. पण बचावकर्त्याच्या हातात सरासरी पट्टा येत नाही, पेटीतला कोणताही एक येतो. म्हणून सरासरीतून आकड्यांच्या पसरणीची, म्हणजे प्रमाण विचलनाची, तिप्पट वजा करतात. पहिल्या बनावटीचं उत्तर येतं सुमारे १९.३. दुसरीचं सुमारे २०.९. वीस किलोन्यूटन हवे असतील, तर सरासरीत मागे असलेला दुसरा पट्टा पास होतो आणि पुढे असलेला पहिला नापास.

अमेरिकेत अग्निशमन आणि बचाव साहित्याला लागू असलेल्या एनएफपीएच्या मानकातला किमान तुटभार असाच काढतात. युरोपात गिर्यारोहणाच्या तयार शिवलेल्या स्लिंगसाठी ईएन ५६६ हे मानक आहे आणि तिथे किमान २२ किलोन्यूटन लागतात. इमारतींवर काम करणाऱ्यांच्या कापडी अँकरसाठी ईएन ७९५ हे मानक १८ किलोन्यूटन मागतं, तर धातूच्या अँकरला १२ पुरतात. कापडाकडून जास्त ताकद मागितली जाते, कारण कापड वापरात झिजतं, उन्हात खराब होतं आणि सहज कापलं जातं.

हळू ओढून मोजलेला आकडाही सगळं सांगत नाही. अमेरिकेतले बचावकर्ते टॉम मॉयर यांनी १९९९ मध्ये वॉटर नॉटवर थोडा ताण देणं आणि सोडणं असं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तुटण्याच्या जवळपासही न जाणाऱ्या भाराला गाठीचं शेपूट दर फेरीला किंचित आत सरकत गेलं. म्हणजे एकदाच जोरात ओढल्यावर भक्कम वाटणारी गाठ दिवसभराच्या हलक्या हिसक्यांनी सुटू शकते. गाठीचं शेपूट किमान तीन इंच ठेवा आणि पुन्हा पुन्हा बघा, हा नियम म्हणूनच आहे.

यात रे रोड कुठे आलं?

१८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचं हे हार्बर लाइनवरचं स्टेशन. मे २०२५ मध्ये इथला केबलवर तोललेला नवा उड्डाणपूल सुरू झाला, तेव्हा त्याचे रात्रीचे फोटो खूप फिरले. पुलाखालून पूर्वेला गेलं की दारूखाना लागतो. एकेकाळच्या दारूगोळ्याच्या कोठारावरून पडलेलं हे नाव आज जहाजतोडणी, भंगार आणि लोखंडासाठी ओळखलं जातं. वायर रोप, साखळ्या, शॅकल, कप्प्या आणि क्रेनला लावायचे रंगीत पट्टे हा इथला नेहमीचा माल. वजन उचलण्याचं काहीही हवं असेल, तर मुंबईत अनेकांची पावलं आधी इकडेच वळतात.

नेमका इथेच एक मोठा गैरसमज होऊ शकतो. क्रेनच्या पट्ट्यावर लिहिलेला आकडा आणि गिर्यारोहणाच्या स्लिंगवर लिहिलेला आकडा, या दोन वेगळ्या भाषा आहेत.

क्रेनच्या पट्ट्यावर असतो रोजच्या वापराचा भार, टनांत. युरोपीय मानकात त्याला रंगही ठरलेले आहेत. जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. हा पट्टा लिहिलेल्या आकड्याच्या किमान सातपट भाराला टिकला पाहिजे. म्हणजे एक टनाचा जांभळा पट्टा नवा असताना सात टनांपर्यंत, सुमारे ६९ किलोन्यूटनपर्यंत तुटता कामा नये. शिवाय त्याच्या लेबलवर बांधणीप्रमाणे गुणकही दिलेले असतात. सरळ टांगला तर १, फास आवळला तर ०.८, दोन्ही टोकं वर घेऊन झोळीसारखा धरला तर २. वर सांगितलेलं बांधणीचं गणित इथे कापडावरच छापलेलं असतं.

गिर्यारोहणाच्या स्लिंगवर मात्र असतो तुटण्याचा भार, किलोन्यूटनमध्ये. २२ किलोन्यूटन लिहिलेली स्लिंग म्हणजे जेमतेम सव्वादोन टनांना तुटू शकणारी वस्तू. ती दोन टन उचलायला मुळीच नाही.

मग क्रेनचा पट्टा तिप्पट भक्कम, तोच का वापरू नये? पहिलं कारण, ते मानक सामान उचलण्यासाठी आहे. माणसं उचलणं त्याच्या कक्षेत येतच नाही. दुसरं, रुंद पट्टा कॅराबिनरमध्ये दुमडून बसतो आणि भार एका कडेवर येतो. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, वापरलेल्या पट्ट्याचा इतिहास कळत नाही. त्याने आधी काय उचललं, कोणत्या धारेवर घासला, त्यावर तेल सांडलं की आम्ल, हे पट्टा सांगत नाही. लेबल निघून गेलेला पट्टा तर नियमानेच बाद. नव्या मालाची पावती आणि प्रमाणपत्र देणारं दुकान आणि भंगारातला ढीग यांत फरक करावाच लागतो, मग बाजार कोणताही असो.

चाचणी झालेला पट्टा वापरता येतो का?

नाही, आणि हीच या विषयातली मोठी अडचण आहे. तोडून पाहिलेला पट्टा कचऱ्यात जातो. हातातल्या पट्ट्याबद्दल जे माहीत असतं, ते त्याच्या तुटलेल्या भावंडांवरून काढलेलं अनुमान असतं. नवा असताना ते अनुमान चांगलं असतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर ते कमकुवत होत जातं.

नायलॉन भिजलं की त्याची ताकद काही प्रमाणात घटते आणि आपल्याकडे बचावकार्य बहुतेक वेळा भर पावसातच होतं. ऊन नायलॉनला हळूहळू ठिसूळ करतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट तुटतो तो धारदार कडा ठेवून. चिखलातले बारीक कण विणीत शिरून आतून घासत राहतात. २००६ मध्ये अमेरिकेतले नामवंत गिर्यारोहक टॉड स्किनर योसेमिटीत पडून मरण पावले, ते हार्नेसचा झिजलेला पट्टा तुटल्याने. अनुभव कमी पडला नव्हता, कापड संपलं होतं. त्यामुळेच अनेक उत्पादक कापडी साहित्याला, न वापरताही, बनल्यापासून दहा वर्षांची कमाल मर्यादा घालतात. जोराचा धक्का बसला किंवा कापलं गेलं, तर ते पहिल्याच दिवशी बाद.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न काय?

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. एसडीआरएफच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्यात आहेत. पण लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या दरीत पहिल्यांदा उतरतात ते बहुतेक वेळा स्थानिक तरुण. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांचे हे कार्यकर्ते नोकरी-धंदा सांभाळून रात्री-अपरात्री निघतात. साहित्याचा खर्च बराचसा देणग्यांवर चालतो. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा भर पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या आयोजकांवर आहे. पर्यटक पडल्यावर त्याला काढणाऱ्यांच्या पेटीतला पट्टा किती वर्षांचा आहे, हा वेगळाच प्रश्न.

शहरातही हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्क इमारतीला आग लागली, तेव्हा एक सुरक्षारक्षक १९व्या मजल्यावरून लटकला आणि पडून मरण पावला. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी पन्नास-साठ मजली टॉवर उभे राहिले. शिडी एका उंचीपर्यंतच पोहोचते. काचा पुसणारा पाळणा मध्येच अडकला, तर त्याला सोडवायला वरून दोरानेच उतरावं लागतं. तेव्हा गच्चीवर अँकर कशाला लावणार? पाण्याच्या टाकीचा पाइप, कठडा, की मोजून बसवलेला आणि तपासलेला आधार? हे आग लागल्यावर ठरवायची गोष्ट नाही.

दिलासा इतकाच की तपासणीची सोय दूर नाही. कापडगिरण्यांच्या या शहरात कापड तोडून पाहणाऱ्या संस्था जुन्या आहेत. वरळीला सस्मिरा आहे, घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. शीवला केंद्रीय कामगार संस्था आहे, जिथे कामगारांच्या सुरक्षा साहित्यावर काम चालतं. प्रत्येक संस्थेने स्वतंत्र चाचण्या करणं परवडणारं नाही. पण दहा-बारा पथकांनी दर उन्हाळ्यात बाद केलेले पट्टे एकत्र करून, त्यांवर वय आणि वापर लिहून, ते तोडून पाहिले तर? तीन पावसाळे काढलेला पट्टा सह्याद्रीत नेमका किती उरतो, याचे आपल्या हवेतले, आपल्या दगडावरचे आकडे हाती येतील. तसंही हे पट्टे फेकायचेच असतात.

सामान्य माणसाने काय पाहावं?

ट्रेक किंवा रॅपलिंगला पैसे भरून जाणाऱ्याने आयोजकाला चार प्रश्न विचारायला हरकत नाही. पट्ट्यावर मानक आणि निर्मितीचं वर्ष वाचता येतं का? साहित्याची नोंदवही आहे का? दोर एकाच अँकरवर आहे की दुसरा स्वतंत्र आधार आहे? गाठ शेवटची कोणी तपासली? उत्तर देणारा चिडला, तर तेही उत्तरच आहे.

आणि बचावकार्य सुरू असताना काठावर उभं राहून शूटिंग करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. दोरावर आणि पट्ट्यावर पाय देऊ नका, अँकरच्या झाडाला टेकू नका. बुटाखालची वाळू त्या विणीत शिरते आणि तो पट्टा पुढच्या वेळी कोणासाठी तरी पुन्हा झाडाला गुंडाळला जाणार असतो.